सव्वातीनची खूण

१

पोटनिवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खाडीचं पाणी उतरलं तेव्हा, तरीच्या धक्क्याखालच्या चिखलात राही सापडली. हिरवं लुगडं अंगाभोवती पिळ्यासारखं आवळलेलं, केसांत शेवाळ, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम. तिला पहिल्यांदा पाहिलं ते नजमुद्दीननं. खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवणारा तोच. त्यानंच हाका मारून अल्याडच्या काठची सगळी उंडीपाखाडी गोळा केली, खांद्यावरचा पंचा काढून तिच्या तोंडावर टाकला, आणि तासाभरात दोरी पडली ती त्याच्याच मनगटांना.

केसर तेव्हा शाळेमागच्या खोलीत बाळाला पेज भरवत होती. मुंबईत बी.ए. झालेली, नवरा तिकडेच एका कचेरीत कारकून, आणि ती नऊ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन मुरुडपलीकडच्या या खाडीकाठी मास्तरीण. नोकरीला अजून वर्ष व्हायचं होतं. आधीचे खासदार वारले म्हणून पंचावन्न सालच्या डिसेंबरात पोटनिवडणूक लागली, शाळेतच केंद्र आलं, आणि लिहिता-वाचता येणारी दुसरी बाई गावात नाही म्हणून बायकांच्या यादीवर तिलाच बसवलं. दिवसभर बाळ मनुबाईकडे होतं. तीच आता धापा टाकत दारात उभी राहिली.

"बाई, राही गेली. येसाजीची राही, पल्याडची."

"कोण राही?"

"अवो, तुम्ही पल्याड मताचं सांगाया गेलावता, तवा एक पोर उठून बोलली न्हाय का? ती."

केसरच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती पोर! महिनाही झाला नसेल. पल्याडच्या देवळात वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या आणि केसर सांगत होती, की आतल्या खोलीत दोन पेट्या असतात, एकीवर छत्रीचं चित्र, एकीवर कंदिलाचं. कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बघायला आत कुणी नसतं. तेव्हा मागून एक विशी-बाविशीची उठली, "आनि घरच्यानं इचारलं तर वो?" बायका फिदीफिदी हसल्या. केसरही हसली होती. म्हणाली होती, "सांगायचं, माझ्या मनात आलं त्याला दिलं."

"तुम्हास्नी फौजदार बोलावतायत," मनुबाई म्हणाली.

"मला? मला कशाला?"

"ती जिती कवापातूर व्हती, ते म्हनं तुम्हालाच ठावं."

२

फौजदार मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीचे धनी अंबाजी गुरुजी, कालचे केंद्राध्यक्ष, बाकावर अंग चोरून. खिडकीशी हिरामण उभा होता, कंदीलवाल्यांचा एजंट, हातात कालची मतदारांची यादी. कोपऱ्यात जमिनीवर नजमुद्दीन. आणि बाहेर पायरीवर त्याची बायको फिरोजा, एकटीच. तिच्या आसपासची दोन पायऱ्यांची जागा लोकांनी मोकळी सोडली होती.

"बसा बाई. काम पाच मिनिटांचं आहे," फौजदार म्हणाले. "हिरामण, वाच."

"एकशे त्रेचाळीस. राही, नवरा येसाजी. मत दिलं. आतून नाव पुकारलं की आम्ही ओटीवर बसून खूण करतो, साहेब. बायकांच्यात आम्हाला आत जायची बंदी."

"किती वाजता, बाई?"

केसरला घड्याळ दिसलं. काट्यांसकट. "सव्वातीन."

"नक्की?"

"नक्की. बाळ रडत होतं म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं होतं. पाजायची वेळ टळून गेली होती."

"झालं तर!" फौजदारांनी टेबलावर हात आपटला. "सव्वातीनला राही जिवंत, आणि अल्याड. तिचा नवरा साडेबारा वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत छत्रीवाल्यांच्या मांडवात, शंभर माणसांसमोर, चिठ्ठ्या वाटत. मांडवातून लघवीलासुद्धा उठला नाही असं विरोधी एजंटच सांगतोय."

"व्हय," हिरामण नाइलाजानं म्हणाला. "माझं त्याचं वाकडं आहे. पन नव्हता उठला."

"आता पल्याडच्या बाईला इकडे यायला वाट किती? एक. याच्या तरीची. आणि हा गडी काय म्हणतो? सांग रे, बाईंना सांग."

नजमुद्दीननं मान वर केली. "काल ती माझ्या तरीत चढलीच नाय, बाई. खुदा कसम. येसाजीभाऊला बाराच्या टायमाला एकट्याला आनला. मी इचारलं, भाभी कुटं? म्हनला, मागनं येतेय. दिवसभर मी तिची वाट बघितली. नाय आली."

"ऐकलंत? तरीत चढली नाही, आणि मत देऊन गेली! मग काय पोहत आली? हा खोटं बोलतोय. परतीच्या खेपेला तरीत दोघंच असणार, काहीतरी झालं असणार, घातलं वल्हं डोक्यात." फौजदारांनी कागद पुढे सरकवला. "दोनच्या लाँचनं याला नेतो. तेवढी जबानी लिहून द्या, की सव्वातीनला राही येसाजी हिला मी स्वतः पाहिलं. सगळी केस तुमच्या खुणेवर उभी आहे, बाई."

केसरनं टाक उचलला. 'स्वतः पाहिलं' या शब्दांपाशी तिचा हात थांबला.

राहीचा कालचा चेहरा तिला आठवेना. धूसर आठवतोय असंही नाही. तिथे चेहराच नव्हता.

३

"बाळाला पाजून येते," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

खोलीत येऊन तिनं दार लोटलं. काल सव्वातीनला बाहेर बाळ टाहो फोडत होतं, दूध दाटून चोळी भिजली होती, आणि ती मान वळवून खिडकीबाहेर बघत होती. मनुबाईनं त्याला उन्हात का धरलंय? टेबलासमोर हिरवं लुगडं उभं होतं. पदर नाकापर्यंत ओढून दातांत धरलेला. चिठ्ठी आली, केसरनं विचारायचं ते विचारलं, उत्तर आलं, पुढे आलेल्या बोटाला तिनं शाई लावली, यादीत खूण केली. सगळं बरोबर. फक्त तोंड पाहिलं नाही.

आणि त्या खुणेवर आता एक माणूस फासावर जाणार होता.

बाळाला कडेवर मारून ती निघाली ती ठमाबाईच्या घरी. ठमाबाई येसाजीची थोरली बहीण, विधवा, अल्याडच्या वाडीत नारळ विकून राहणारी. सुतकाची माणसं तिच्याच ओटीवर बसली होती. येसाजी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. केसरला बघून त्यानं तोंड वर केलं. डोळे कोरडे, लालभडक.

"मत देऊन घरी निघाली, बाई. मांडवातून पाठमोरी पाह्यली मी."

"काही बोललात?"

"चारचौघांत बायकोशी काय बोलायचं?"

आतून ठमाबाईचा आकांत उठला. "माझ्या येसाजीचा संसार बुडाला गं! आता येसाजीला भाकर कोन घालील गं!" केसर आत गेली तशी ती एकदम गप्प झाली. तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती, जाड, थेट पेरापर्यंत.

"काय लागलं, ठमाबाई?"

"कोयता. नारळ सोलताना."

"राही मत देऊन तुमच्याकडे आली होती का?"

"न्हाय बा."

"तुम्ही गेला होता मताला?"

"मी कशाला मरायला! रांडावलेल्या बाईला कोन इचारतो? काल दिसभर उंबरा वलांडला न्हाय. इचारा कुनालाबी."

बाळानं तिच्याकडे झेप घेतली. ठमाबाईनं हात मागे घेतला. परत जाताना वाटेत मनुबाई भेटली. बाळ तिनं उचलून घेतलं आणि हळूच म्हणाली, "लई जीव तिचा भावावर. आई बाळंतपनात गेली तवापून हिनंच वाढवला त्याला. अजूनबी हाक मारते ती ल्हान पोराला मारावी तशी."

शाळेच्या पायरीवर फिरोजा तशीच बसली होती. केसर जवळून गेली तेव्हा तिनं वर पाहिलं. "बाई, त्यानं खोटं नाय सांगितलं," ती म्हणाली. "त्याला येतच नाय."

घड्याळात एक वाजत आला होता.

४

"झालं का पाजून?" फौजदार वैतागले होते. "आता ही मनुबाई आलीच आहे तर हिचीही जबानी घेतो. मूल किती वाजता रडलं, एवढंच. नाव?"

"मनुबाई."

"नवऱ्याचं नाव?"

मनुबाईनं मान खाली घातली.

"नवऱ्याचं नाव काय, म्हटलं."

"लिवा की, सायेब."

"काय लिवू?"

"त्यांचंच."

"अगं त्यांचं म्हणजे कुणाचं? नाव सांग ना!"

मनुबाईचे कान लाल झाले. साठीची म्हातारी, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत केसरकडे वळून म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा ना वो. मी कशी घेऊ?"

हिरामण हसला. "काल दिवसभर हेच चाललं होतं, साहेब. आम्ही ओटीवर हसून हसून लोळलो. एकीनं सांगितलं, धाकट्याच्या बापाचं नाव लिवा. एकीनं शेजारणीला कोपरखळी मारून तिच्याकडून वदवलं. मोहल्ल्यातल्या बायका, तर मुन्नाके अब्बा, बेबीके अब्बा. शेवटी बाईच यादीतून वाचायच्या आणि त्या मान हलवायच्या."

केसरनं मनातल्या मनात कालची रांग पुन्हा मोजली.

दोनशे अकरा बायका. कुणबिणी, कोळणी, मोहल्ल्यातल्या. दोनशे दहा जणींनी काल नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. एकीनं काढलं होतं. नऊ महिन्यांच्या पोराच्या रडण्यातूनही तो आवाज तिच्या कानात शिरला होता, दातांत पदर धरलेला, पण स्वच्छ. न लाजता, न अडखळता. नवऱ्याचं नाव? "येसाजी." विहिरीवरून भावाला जेवायला हाक मारावी तसं.

"गुरुजी," ती म्हणाली. "काल सव्वातीनला आली ती राही नव्हती."

५

"काय बोलताय तुम्ही!" अंबाजी गुरुजी ताडकन उठले. "तुम्हीच खूण केलीत."

"केली. तोंड न बघता केली."

गुरुजींनी तिला बाजूला ओढलं. "बाई, शुद्धीवर या. हे कागदावर आलं तर तुमची नोकरी उद्या राहणार नाही. माझ्याही केंद्रावर डाग. पदर होता, दिसलं नाही, असं मोघम बोला."

"मोघम बोलून नजमुद्दीन सुटेल का?"

फौजदार भुवया चढवून बघत होते. "बाई, एका नावावरून? एखादी धीट असते."

"धीट होती, म्हणून तर पल्याडच्या देवळात तिनं मला प्रश्न विचारला. पण तोसुद्धा 'घरच्यानं इचारलं तर' असा. तिनंही नाव घेतलं नव्हतं, साहेब." केसर टेबलाशी आली. "मला एक सांगा. राहीच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई आहे?"

"नाही. रात्रभर खाऱ्या पाण्यात पडली होती, धुऊन गेली."

केसरनं आपला डावा हात टेबलावर ठेवला. नखाच्या मुळाशी जांभळा-काळा डाग. "काल सकाळी मत दिलं मी. तेव्हापासून राखेनं भांडी घासली, सोड्यानं बाळाचे लंगोट धुतले, खारवलेले मासे धुतले. ही बघा. आणि रात्रीतून तिची गेली?"

फौजदारांनी बोट निरखलं. मग स्वतःचं निरखलं.

"तिनं मत दिलंच नाही," केसर म्हणाली. "मग नजमुद्दीन खरं बोलतोय. ती तरीत चढली नाही, कारण ती पल्याडहून निघालीच नाही. येसाजी बाराला एकटा आला तेव्हाच ती गेलेली असणार. बारानंतर तो कुठे होता याला मग काय अर्थ? त्याला फक्त एवढंच हवं होतं, की बारानंतर कधीतरी ती जिवंत असल्याचं कुणीतरी सरकारी माणसानं लिहून ठेवावं. ते मी लिहून दिलं."

"पण मग ती बाई कोण?"

"पल्याडची नव्हे, नाहीतर तरीत दिसली असती. अल्याडचीच. काल जिच्या बोटाला मी शाई लावली, पण जिच्या स्वतःच्या नावापुढे खूण नाही. आणि येसाजीचं नाव जिच्या जिभेवर लहानपणापासून आहे." ती हिरामणकडे वळली. "यादीत ठमाबाई बघ."

हिरामणचं बोट यादीवरून सरकत गेलं आणि थांबलं. "खूण न्हाय. ठमाबाईनं मत दिलेलं न्हाय."

"उंबरा ओलांडला नाही म्हणाली मला," केसर म्हणाली. "तिच्या बोटाला चिंधी आहे."

शिपाई ठमाबाईला घेऊन आला तेव्हा तिच्यामागे अर्धं गाव होतं. फौजदारांनी चिंधी सोडायला सांगितली. ती सोडीना. शेवटी मनुबाईनंच पुढे होऊन गाठ उकलली, आणि "अगं बया!" म्हणून मागे सरली.

कोयत्याची जखम नव्हतीच. बोट दगडानं घासलं होतं, चुन्यानं जाळलं होतं, नखाभोवतीची सगळी कातडी सोलून काढली होती. लाल मांसात, नखाच्या कडेला, चंद्रकोरीएवढी जांभळी रेघ तेवढी उरली होती.

बाहेर गलका झाला. येसाजी धक्क्याच्या दिशेनं पळाला होता. तिथे नजमुद्दीनची तर बांधलेली होती, आणि चालवणारा इथे दोरीत. कमरेइतक्या चिखलातून लोकांनी त्याला ओढून आणला.

६

ठमाबाई रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि बोटाकडे बघत बोलत राहिली.

"तरीतून उतरला तो मांडवात जायच्या आधी माझ्याकडं आला. घामानं न्हालेला. म्हनला, आक्का, सकाळी तिला सांगितलं छत्रीला घाल, मी छत्रीवाल्या सायबाला सगळ्या पल्याडचा शब्द दिलाय. तर उलटून बोलली, छत्रीला न्हाय घालनार, माझ्या मनात येईल त्याला देईन, बाईंनी सांगितलंय. ढकलली म्हनं. उखळावर पडली. हललीच न्हाय." तिनं केसरकडे पाहिलंही नाही. "खाजणाच्या चिखलात टाकून आलो, भरतीनं जाईल म्हनला. तिचं दुसरं हिरवं लुगडं अन् मताची चिठ्ठी माझ्या हातात दिली. पोर मेलीच व्हती. मेलेलीला कशी वाचवू? जिता व्हता त्याला वाचवायचं व्हतं."

बाईंनी सांगितलंय. देवळात केसर स्वतःही हसली होती. आपण उठून घरी आलो, बाळाला अंगाई म्हणत निजवलं. आणि ती पोर ते वाक्य जपून घेऊन गेली, आणि खरोखर बोलली.

"आणि मत?" हिरामणला राहवलं नाही. "छत्रीच्या पेटीत टाकलंस ना?"

ठमाबाईनं सोललेलं बोट पदरात लपेटलं.

"कंदिलात," ती म्हणाली. "तिचंच व्हतं ते."

येसाजीनं बहिणीकडे पाहिलं. सबंध दिवसात त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं, आणि ते रागासारखं नव्हतं.

फौजदारांनी कोरा कागद पुढे केला. नजमुद्दीनला सोडायचं तर जबानी हवी होती. अंबाजी गुरुजी खिडकीबाहेर बघत उभे राहिले. केसरनं लिहिलं: 'मतदाराचा चेहरा मी पाहिला नाही. पाहणं माझं काम होतं. माझं लक्ष माझ्या मुलाकडे होतं.' खाली सही केली, पूर्ण नावानं. मधलं नाव नवऱ्याचं. लिहिताना काही वाटलं नाही.

दोनची लाँच येसाजीला आणि ठमाबाईला घेऊन गेली. धक्क्यावर चार माणसं कुजबुजत होती, सकाळी नजमुद्दीनची तर जाळायला निघालेली तीच. आता कुणी त्याच्या नजरेला नजर देईना.

तीनच्या सुमाराला एस.टी.च्या थांब्याकडून एक म्हातारा चालत आला. माणगावकडचा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात पिशवी. भागोजी, राहीचा बाप. शाळेच्या पडवीत चादरीखाली ठेवलेल्या लेकीपाशी तो बसला. चादर वर केली, खाली केली. मग केसरला म्हणाला,

"यष्टीत लोक बोलत व्हते. म्हनले, मत देऊन आली, मंग गेली. खरं का?"

गाव ऐकत होतं. गुरुजी ऐकत होते.

"नाही," केसर म्हणाली. "तिला येऊच दिलं नाही. माझ्या हातून खोटी खूण झाली."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग म्हणाला, "पल्याड न्यायची तिला. तिचं घर तिकडं हाय, मसन तिकडं हाय."

कुणी पुढे झालं नाही. नजमुद्दीन उठला. मनगटं सुजून दोरीचे वळ काळे पडले होते, बोटं मिटत नव्हती. हिरामणनं आणि त्यानं मिळून राहीला तरीत ठेवलं. नजमुद्दीननं म्हाताऱ्याला हात दिला. "चला, काका." पण वल्हं उचलताना त्याच्या हातातून ते निसटलं, दोनदा.

फिरोजा पायरीवरून उठली. चिखलातून चालत आली, लुगडं खोचलं, तरीत चढली आणि त्याच्या हातातलं वल्हं तिनं घेतलं.

होडी हलायच्या आधी केसरनं बाळ मनुबाईच्या हातात दिलं. ते रडायला लागलं. केसर थांबली नाही, तरीत चढली. फिरोजानं सरकून तिला जागा करून दिली.